गळ्यातला वण



आजच्या लेखाचा विषय एक भटकी कुत्री आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही जाणतो. घरोघरी माणसांचीच दुखणी थोडी का आहेत, की धर्मगुरूने लेखणी झिजवावी ती एका बेवारशी जनावरासाठी? हा प्रश्न आम्हांस आमच्या धर्मग्रामातही विचारण्यात आला. त्याचे उत्तर देण्याची आम्हांस घाई नाही. प्रथम जे घडले ते सांगतो. त्यात आमच्या हातून दोन चुका झाल्या, त्याही झाकून ठेवीत नाही.

आम्ही राहतो तो मुलूख माळव्यातला. धार आणि देवास ही नावे मराठी माणसास परकी नाहीत. अठराव्या शतकात पवारांनी येथे आपली राज्ये स्थापिली. देवासला तर तुकोजी व जिवाजी या दोघा भावांच्या दोन गाद्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे आणि दोन दरबार. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली व १९५६ पासून हा सारा प्रदेश मध्य प्रदेश राज्यात आहे. तरीही पवारांबरोबर आलेल्या कुटुंबांचे वंशज येथे अजून नांदतात आणि घरात मराठी बोलतात. आमचे धर्मग्राम धारच्या बाजूस, भिल्ल व भिलाला लोकांच्या वस्त्यांमध्ये आहे. इंदूरवरून देवासला मात्र महिन्यातून एकदा कामानिमित्त जाणे होते, आणि तेथील एका वृद्ध मराठी गृहस्थांच्या घरी दोन घास खाऊन आम्ही परततो. हे गृहस्थ गुरांचे डॉक्टर होते. महू येथील पशुवैद्यक महाविद्यालयात शिकून त्यांनी उभा जन्म सरकारी नोकरीत काढला. आम्ही त्यांना काका म्हणतो. या हकिगतीत त्यांचा भाग मोठा आहे.

२०२३ सालच्या नाताळापूर्वीचा आठवडा होता. मार्गशीर्षातल्या थंडीला माळव्यात चांगलीच धार असते. आमच्या चर्चच्या मागच्या भिंतीशी सरपणाचा ढीग रचलेला आहे. त्याच्या मागे काहीतरी हालते, असे स्वयंपाकी सांगत आला. जाऊन पाहतो तो एक भुरकट रंगाची कुत्री भिंतीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. आम्हांस पाहताच ती भुंकली नाही, गुरगुरली नाही; पोट जमिनीस लावून थरथरू लागली आणि तिने आपले मूत्र तेथेच सांडले. आम्ही एक पाऊल पुढे टाकताच ती फटीतून निसटली व कुंपणापलीकडे शेतात दिसेनाशी झाली. रात्री पुन्हा त्याच कोपऱ्यात आली.

सत्य सांगावयाचे तर आम्ही प्रथम तिला हाकलून देण्यासच सांगितले. नाताळ तोंडावर आलेला, आवारात मुलांची वर्दळ, आणि परक्या कुत्र्याची शाश्वती कोण देणार? मुलांना तेवढी आज्ञा पुरे झाली. दगड भिरकावले गेले. कुत्री पळाली, आणि पळताना तिने मान वळविली तेव्हा दुपारच्या उन्हात आम्हांस तिच्या गळ्याभोवती एक लालसर कडे दिसले. तो पट्टा नव्हता. ती नायलॉनची दोरी होती, आणि ती केसांवर नसून कातडीच्या आत रुतलेली होती.

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांच्या घरी गुरे आहेत त्यांना याचा उलगडा तत्काळ होईल. कोणीतरी या कुत्रीच्या गळ्यात ती पिलू असताना दोरी बांधली होती. पुढे ती दोरी तुटली किंवा कोणी कापली. गळ्यातला फास मात्र तसाच राहिला. कुत्री वाढली, फास वाढला नाही.

आम्ही मुलांना थांबविले. त्या रात्री भाकरीचे तुकडे दुधात कालवून सरपणाच्या ढिगाजवळ ठेविले. आणि पुढच्या रविवारी प्रवचनात त्या अज्ञात मनुष्यावर आम्ही फार कडक शब्दांत तुटून पडलो. मुक्या जीवाच्या गळ्यास फास लावून त्यास टाकून देणाऱ्याचे हृदय दगडाचे असले पाहिजे, असे आम्ही म्हणालो. लोक खाली माना घालून ऐकत होते. ही आमची पहिली चूक. तिच्याकडे पुढे वळू.

जानेवारीत देवासला गेलो तेव्हा काकांना सारे सांगितले. आम्ही रोज थाळी घेऊन तिच्या मागे जातो, गोड शब्दांनी बोलावतो, आणि ती अधिकच दूर पळते, अशी आमची तक्रार होती. काका हसले. म्हणाले, "फादर, नामदेवांची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. कुत्र्याने कोरडी पोळी पळविली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. भक्ती म्हणून ती गोष्ट थोर आहे. पण मी चाळीस वर्षे जनावरे पाहिली. माणूस मागे धावला की कुत्रे अधिक पळते, त्याच्या हातात काठी असो की तूप असो. तुम्ही तूप ठेवा आणि बसा."

मग त्यांनी बसावे कसे तेही शिकविले. समोरासमोर बसू नये, अंग तिरके ठेवून जमिनीवर बसावे. उभा माणूस भ्यालेल्या जनावरास डोंगराएवढा दिसतो. डोळ्यांत डोळे घालून पाहू नये. डोक्यावरून हात नेऊ नये, कारण वरून येणारा हात तिच्या अनुभवात मारणाराच असतो. वेळ रोज तीच असावी, थाळी तीच असावी, आणि माणूस शक्यतो तोच असावा. "आणि हाक मारू नका," काका शेवटी म्हणाले. "हाक मारणे म्हणजे तिच्यापाशी काहीतरी मागणे. तिच्याजवळ सध्या देण्यासारखे काही नाही."

कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतील संशोधकांनी आपल्या देशातील रस्त्यावरच्या कुत्र्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे, तोही काकांनी आम्हांस वाचावयास दिला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात ९५ वेतांतील ३६४ पिलांवर नजर ठेवण्यात आली होती. त्यांपैकी शेकडा १९ एवढीच पिले वयात येईपर्यंत जगली, आणि नोंदलेल्या मृत्यूंपैकी शेकडा ६३ मृत्यूंना या ना त्या प्रकारे माणूस कारण होता. गल्लीतले कुत्रे अनोळखी माणसाच्या हातून घास घेण्यापेक्षा जमिनीवर टाकलेला घास उचलणे पसंत करते, हेही त्यांनी दाखविले आहे. तेव्हा ही भीती म्हणजे कुत्र्याच्या स्वभावातला दोष नव्हे. ज्याला जगावयाचे आहे त्याने ती शिकूनच घेतलेली असते.

आम्ही काकांचे ऐकले, पण सहा आठवडेच. सायंकाळच्या घंटेनंतर आम्ही सरपणाच्या ढिगापासून वीस पावलांवर तिरके बसून जपमाळेचा जप करीत असू. प्रथम ती आम्ही उठून गेल्यावर खाई. तीन आठवड्यांनी आम्ही बसलेले असतानाच खाऊ लागली. पाचव्या आठवड्यात अंतर आठ पावलांवर आले. त्या दिवशी आम्हांस झालेला आनंद आम्ही लपवीत नाही. मनात म्हटले, पास्काच्या सणापर्यंत ही कुत्री आमच्या हातातून भाकरी घेईल.

परंतु फेब्रुवारीच्या मध्यास ऊन चढू लागले आणि वाऱ्याबरोबर एक दुर्गंध येऊ लागला. जखम चिघळली होती. त्यात अळ्या पडल्या असाव्यात, असे आम्हांस दुरूनही कळले. आता थांबणे शक्य नव्हते. जवळच्या सरकारी पशुचिकित्सालयातील डॉक्टर दोन मदतनीस व एक जाळे घेऊन आले. जनावर पकडणे त्या माणसांचे काम होते आणि आम्ही दूर उभे राहावयास हवे होते. परंतु ती आम्हांस ओळखते, आमचा आवाज ऐकून शांत होईल, असा आमचा अभिमान. जाळे पडताच आम्ही पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेविला. तिने मान फिरवून आमच्या उजव्या मनगटास कडकडून चावा घेतला. ही आमची दुसरी चूक.

येथे गोष्ट क्षणभर थांबवून गावोगावच्या कुटुंबांस एक गोष्ट कळकळीने सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. आवारात जमलेल्यांपैकी एका आजीने तिखट आणले, दुसऱ्याने चुना आणला. जखमेत मिरची भरली म्हणजे विष उतरते, ही समजूत अजून जिवंत आहे. वाचकहो, यांपैकी काहीही करू नका. कुत्रे चावल्यावर पहिले औषध म्हणजे साबण आणि वाहते पाणी. पूर्ण पंधरा मिनिटे, घड्याळ लावून. पिसाळण्याचे विषाणू लाळेतून जखमेत शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातात. त्यांना तेथे पोहोचण्यास अवकाश लागतो, आणि तेवढाच अवकाश आपल्या हाती असतो. एकदा लक्षणे दिसू लागली की हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आमच्या जखमेतून रक्त आले होते, म्हणून जखमेतच प्रतिपिंडांची सुई देण्यात आली, आणि लस त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी टोचण्यात आली. लस देण्याच्या दुसऱ्या एका पद्धतीत चौदाव्या दिवशीही सुई असते. डॉक्टर सांगतील ते दिवस कोयता-नांगर बाजूला ठेवून पाळावेत. १८८५ सालच्या ६ जुलैस लुई पाश्चर यांनी जोझेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम दिली आणि तो मुलगा वाचला. तेव्हापासून हे औषध जगापाशी आहे. ते असताना आपल्या गावातले एक लेकरू मिरचीच्या भरवशावर जावे, यासारखी दुसरी लाजिरवाणी गोष्ट नाही.

चावा पाहून आवारातला एक जण काठी घेऊनच आला. चावली म्हणजे पिसाळलीच, तिला मारून टाका, असे त्याचे म्हणणे. त्यात दुष्टपणा नव्हता. त्याच्या घरात तीन लहान मुले आहेत. पशुवैद्यांनी त्यास समजाविले की चावलेल्या कुत्र्यास मारून टाकण्यापेक्षा दहा दिवस कोंडून त्याच्यावर नजर ठेवणे अधिक शहाणपणाचे. पिसाळलेले असेल तर ते या दिवसांत आजारी पडून मरते. धडधाकट राहिले तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता, असे समजते. तो गृहस्थ काठी खाली ठेवून गेला, आणि दहाही दिवस रोज सकाळी येऊन खिडकीतून डोकावून पाहत असे.

त्याच दुपारी भूल देऊन दोरी कापण्यात आली. कातडीखालून तिचे तुकडे ओढून काढावे लागले. पशुवैद्यांनी ती आमच्या हातावर ठेविली तेव्हा तिची लांबी आमच्या वितीहून थोडीशीच अधिक भरली. एवढ्याशा परिघात त्या जीवाने एक वर्ष श्वास घेतला होता.

कुत्री जुन्या कोठीत राहिली. दहा दिवस संपले, ती धडधाकट होती. पुढे जखम भरत आली तशी तिला रेबीजची लस टोचली आणि तिची नसबंदीही करून घेतली. भटक्या कुत्र्यांची संख्या मारून कमी होत नाही, हे अनुभवाने कळल्यावरच आपल्या देशाने नसबंदी व लसीकरणाचा मार्ग धरला. त्याचे नियम २००१ साली झाले आणि २०२३ साली ते नव्याने करण्यात आले. हे सारे यथासांग पार पडले. परंतु कोठीचे दार उघडले त्या दिवशी ती आमच्या पायाजवळून बाणासारखी सुटली, आणि त्यानंतर आमची सावली दिसली तरी पळू लागली. आठ पावलांवर आलेले अंतर पुन्हा शेताच्या बांधापलीकडे गेले. आम्ही तिचे प्राण वाचविले होते. तिच्या लेखी मात्र जाळे टाकणारे आम्हीच होतो.

मार्च महिन्यात होळीपूर्वी येथे भगोरियाचे बाजार भरतात. दिवाळीनंतर मजुरीसाठी गुजरातेत गेलेली कुटुंबे त्या वेळी पुष्कळशी घरी परततात. अशाच एका कुटुंबातील एक बाई एके सायंकाळी प्रार्थनेनंतर आवारात रेंगाळली. तिने शेताच्या बांधावर बसलेली कुत्री पाहिली, तिच्या शेपटीच्या टोकावरचा पांढरा ठिपका पाहिला, आणि ती आमच्याजवळ येऊन म्हणाली, "फादर, ती दोरी मी बांधली होती."

हकिगत अशी. दीड वर्षापूर्वी ते कुटुंब कामावर निघाले तेव्हा हे पिलू तीनेक महिन्यांचे होते. मुलांच्या पायात घोटाळत ते सडकेपर्यंत येई. मजुरांना नेणाऱ्या गाडीच्या मागे धावून ते चाकाखाली सापडेल, या भयाने बाईने त्यास दारातल्या खांबाला बांधिले आणि शेजारणीस सांगितले की गाडी गेली म्हणजे सोडून दे. शेजारीण वृद्ध, गाठ तिच्याने सुटेना. तिने विळ्याने दोरी कापली. पिलू मोकळे झाले, सडकेकडे धावले, आणि पुन्हा त्या दारात आले नाही. फास गळ्यात आहे आणि पिलू वाढणार आहे, हा विचार त्या दोघींपैकी कोणाच्याही मनात आला नाही. होळीस बाई घरी आली तेव्हा पिलू नव्हते. मेले असेल, असे धरून ती पुढच्या हंगामात पुन्हा गुजरातेत गेली.

आमच्या त्या प्रवचनाची वार्ता तिच्यापर्यंत फोनवरून पोहोचली होती. "तुम्ही म्हणालात ना, दगडाचे हृदय," एवढेच ती बोलली. वाचकहो, त्या वेळी आम्हांस जी शरम वाटली ती येथे शब्दांत मांडता येत नाही. आम्ही ज्यास क्रौर्य समजलो ते मुळात प्रेम होते; त्यास पोटाच्या मागे धावावे लागले आणि वाटेत एक गाठ सोडावयाची राहून गेली. पुढच्या रविवारी आम्ही त्याच जागी उभे राहून आमचे शब्द परत घेतले. तिचे नाव अर्थातच घेतले नाही.

जाण्यापूर्वी बाईने पिलाचे जुने नाव घेऊन एकदा हाक मारली. कुत्रीचे कान हालले. ती उठून उभी राहिली. पण आली नाही. बाईने पदरात बांधून आणलेली मक्याची रोटी जमिनीवर ठेविली आणि मागे न पाहता निघून गेली. काळोख पडल्यावर कुत्रीने ती रोटी उचलली.

यानंतर आम्ही पुन्हा सायंकाळी बसू लागलो, परंतु मनात अपेक्षा असल्यामुळे आमचे बसणे खरे नसावे. कारण कुत्री अखेर आमच्याकडे आली नाही. ती गेली आमच्या रात्रीच्या पहारेकऱ्याकडे.

हा मनुष्य साठीच्या पुढचा, अतिशय अबोल. पहारा करणे व तिन्ही त्रिकाळ चर्चची घंटा वाजविणे ही त्याची कामे. रात्री ओसरीच्या कडेस शेकोटी पेटवून तो आपली रोटी खाई आणि शेवटचा तुकडा न चुकता मागच्या बाजूस टाकी. शेकोटी पुढे असल्याने त्याची पाठ नेहमी कुत्रीकडे असे. काकांनी आम्हांस जे शिकविले ते हा मनुष्य न शिकताच पाळत होता. जुलैतल्या एका मुसळधार रात्री कुत्री ओसरीवर चढली. त्याने वळून पाहिले नाही. पहाटे ती त्याच्या घोंगडीच्या टोकावर झोपलेली होती. आम्ही थोड्या मत्सरानेच विचारले, "तिला बोलावलेस कसे?" तो म्हणाला, "फादर, मी बोलावले नाही. घालवलेही नाही."

तो तिला भुरी म्हणू लागला. काही दिवसांनी तिने त्याचा हात मानेवर फिरू दिला, वणाच्या अगदी जवळ. कोलकात्याच्या त्या संशोधकांनी २०१७ साली असेही दाखविले होते की पुनःपुन्हा भेटी झाल्या की रस्त्यावरच्या कुत्र्याचा विश्वास नुसत्या खाण्यापेक्षा मायेने फिरविलेल्या हाताने अधिक जडतो. भाकरी तर आमचीही होती, आणि दुधात कालवलेली होती. हात मात्र त्याचा होता, आणि तो हात काही मागत नव्हता.

तरी भीती पुरती गेली होती असे नाही. रशियातील शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांची हकिगत प्रसिद्ध आहे. १९२४ सालच्या सप्टेंबरात लेनिनग्राड नगरीस महापुराने वेढले. कुत्र्यांना पाण्यातून पोहवीत बाहेर काढावे लागले. त्यानंतर काही कुत्री शिकलेले सारे विसरली. काळाने ती सावरली. पण त्यांतील एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची नुसती धार सोडली, तर ते पुन्हा पहिल्यासारखे कासावीस झाले. भुरीच्या बाबतीत ती पाण्याची धार म्हणजे दोरी. आणि पाहा कसा योग, ज्या एका मनुष्यावर तिचा विश्वास बसला त्याच्याच हातात दिवसातून तीनदा घंटेची दोरी येई! त्याने दोरीस हात घातला की भुरी किंचाळून पळे, आणि घंटा थांबल्यावर अर्ध्या तासाने परते. पहारेकऱ्याने यावर काहीच उपाय केला नाही. त्याने एवढेच केले की दोरी ओढण्यापूर्वी तो प्रत्येक वेळी थोडा थांबे, म्हणजे तिला दूर जाण्यास अवसर मिळे.

असे पाच-सहा महिने गेले. पळण्याचे अंतर कमी होत गेले: शेताचा बांध, मग कुंपण, मग सरपणाचा ढीग. २०२५ च्या उपवासकाळात एके दुपारी आम्ही घंटेच्या वेळी बाहेर आलो तेव्हा भुरी दहा पावलांवर उभी होती. अंग थरथरत होते, कान मागे पडले होते; पण चारही पाय जागच्या जागी होते. बाराही ठोके संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

त्याच वर्षी पहारेकऱ्याने वयोमानामुळे काम सोडले आणि तो आपल्या वस्तीवर राहावयास गेला. भुरी त्याच्या मागोमाग गेली. आम्हांस वाईट वाटले, आणि बरेही वाटले. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजला. शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारातून अशी कुत्री हलवावीत, असा आदेश नोव्हेंबर महिन्यात झाला. लेकरांच्या जिवाची काळजी वाहणाऱ्यांस आम्ही नावे ठेवणार नाही. चाव्याच्या खुणा आमच्याही मनगटावर आहेत. एवढेच म्हणतो की ज्या कुत्र्यास एक दार आहे, दरवर्षी लस आहे आणि संध्याकाळच्या तुकड्याची खात्री आहे, ते कोणाच्या लेकराच्या अंगावर सहसा जात नाही. दोन राजांच्या गावातही बेवारशी कुत्र्यास धनी नसतो. आणि एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याच्या झोपडीतही तो मिळू शकतो.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. माणसांची दुखणी सोडून धर्मगुरूने कुत्रीविषयी का लिहावे? टोबियाच्या प्रवासात त्याच्यामागून चालणारा कुत्रा पवित्र शास्त्राने विसरू दिला नाही, संत रोक यांच्या मूर्तीपाशी भाकरी आणणारा कुत्रा आपण कितीदा पाहिला आहे, असे काही आम्ही म्हणू शकलो असतो. परंतु आमचे उत्तर त्याहून साधे आहे. आपल्या घरी जा आणि ज्या ज्या गळ्यात आपण काही बांधले आहे तेथे दोन बोटे घालून पाहा. कुत्र्याचा पट्टा असो, वासराचे दावे असो. दोन बोटे सहज गेली पाहिजेत, आणि वाढत्या वयाच्या जनावराच्या बाबतीत ही परीक्षा दर आठवड्यास केली पाहिजे. आपण कामासाठी मुंबईस जा की गुजरातेत जा, गाठ सोडण्याचे काम दुसऱ्यावर टाकले असेल तर ते झाले की नाही, हे एकदा विचारून घ्या. हयगय करणारे बहुतेक जण वाईट नसतात. त्यांना गाडी गाठावयाची असते.

आणि ज्यांच्या घरात आधीच कोणी भ्यालेले आहे, मग ते जनावर असो की सासरी नुकतीच आलेली सून असो की नापास होऊन परतलेला मुलगा असो, त्यांनी आमच्यासारखी घाई करू नये. ठरल्या वेळी ताट वाढावे, आणि शेजारी बसावे.

ती वितीएवढी दोरी आम्ही टाकून दिलेली नाही. ती आमच्या मेजाच्या खणात आहे. रविवारच्या प्रवचनाची तयारी करताना कोणावर फार राग येऊ लागला, म्हणजे आम्ही तो खण उघडतो.